येते हं

१

सर्दी हा आजार आहे, हे श्यामसुंदर खांबेटे यांनी आयुष्यात कधी मान्य केलं नव्हतं. नाक वाहतं, ते पुसायचं, संपलं. सरकारी खात्यात मसुदे तपासण्याच्या टेबलावर त्यांची उभी हयात गेली होती. तिथे सर्दीची रजा मागायला आलेल्या माणसाकडे ते चष्म्याच्या वरून असं काही बघत, की तो अर्ज खिशात परत घालून मुकाट कामाला लागे. पण घणसोलीच्या त्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कालपासून जी धावपळ चालली होती ती पाहता, सर्दी त्यांच्या आठ महिन्यांच्या नातीला झाली नसून राष्ट्राला झाली असावी असं वाटत होतं.

नातीचं नाव क्षिप्रा. मुलानं आणि सुनेनं ते मोबाइलवर शोधून काढलं होतं. ही उज्जैनची नदी, हे श्यामसुंदररावांनी बारशाच्या दिवशी सांगितलं तेव्हा त्या दोघांनाही ते नव्यानंच कळलं. आता नदी नाकातून वाहत होती आणि काठावर सगळा जामानिमा मांडून झाला होता. मिठाच्या पाण्याचे थेंब, नाक ओढून काढायचा रबरी फुगा, कानात घालायचं थर्मामीटर, वाफ सोडणारं हत्तीच्या आकाराचं यंत्र. एवढ्या सामग्रीवर पूर्वी लोक प्रसूतिगृह चालवत.

मुलगा, केयूर, पहाटेच उरणला गेला होता. तिथल्या कंटेनरच्या गोदामात त्याच्यावाचून एक डबा हलत नाही, असा त्याचा समज होता. पत्नी, वैजयंतीबाई, ठाण्याला बहिणीच्या गुडघ्याच्या सेवेत होत्या. तापाचं मूल पाळणाघर घेत नव्हतं. आणि सुनेच्या, सईच्या, ऐरोलीच्या कंपनीत परदेशातले साहेब यायचे होते, म्हणून तिला रजा नव्हती. उरले श्यामसुंदरराव. एक मूल सांभाळायला असं काय मोठं लागतं, हे त्यांनीच चारचौघांत अनेकदा विचारलेलं असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"बाबा, थेंब सकाळचे दिलेत. आता दुपारशिवाय द्यायचे नाहीत," सई बॅग खांद्याला लावत म्हणाली. "पट्टी साध्या पाण्याची. बर्फ नाही घालायचा."

"बर्फ मी सरबतातही घालत नाही."

"आणि श्वास बघत राहा. डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात आहे ना? श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर मला फोन करण्यातसुद्धा वेळ घालवू नका. सरळ रिक्षा करून दवाखान्यात."

"तुला फोन न करणं मला जमेल."

सई हसली नाही. पाळण्यात झोपलेल्या क्षिप्राकडे ती नुसती बघत राहिली. क्षिप्राचे गाल तापानं लाल झाले होते आणि प्रत्येक श्वासाला नाकात घुर्र असा आवाज होत होता.

"कॅमेरा असता तर बरं होतं," ती म्हणाली.

"कॅमेरा राहील नाही तर मी राहीन, असं मी सांगितलं होतं. तुम्ही चुकीची निवड केलीत."

"तुमच्या भरवशावर तिला टाकून जातेय, बाबा," सई म्हणाली, आणि लगेच तिनं जीभ चावली. "येते. येते हं मी."

"ये," श्यामसुंदरराव म्हणाले.

२

जाताना 'येतो' म्हणणे, या प्रकाराशी श्यामसुंदररावांचं जुनं वैर होतं. माणूस जातो, तर त्यानं जातो म्हणावं. पण नाही. उंबऱ्यात उभं राहून, एक पाय चपलेत घालून, पाठ फिरवता फिरवता तो 'येतो' म्हणणार, आणि यजमान त्याला 'या' म्हणणार. का, म्हणून विचारलं तर सगळे आवाज उतरवून सांगत, जातो म्हणू नये. म्हणजे गेला म्हटलं की मेला, ही भीती. 'जाताना येतो म्हणणाऱ्यांच्या गाड्या वेळेवर कशा सुटायच्या' हे त्यांचं कचेरीतलं गाजलेलं वाक्य होतं. निदान ते गाजलं होतं असं त्यांना वाटे. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषणाचा शेवट मुद्दाम 'बराय, जातो मी' असा केला, तेव्हा मागच्या रांगेतून शिपाई देवजी म्हणाला, "येतो म्हणा, साहेब." जन्मभर दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा मसुदा शेवटच्या दिवशी शिपायानं दुरुस्त केला, आणि टाळ्या त्याला पडल्या.

घरात वैजयंतीबाईंनी मात्र हार मानली नव्हती. स्वतः निघताना येतो म्हणण्याची शिकवण वाया गेली, तरी कुणी 'येते' म्हणालं की 'या' म्हणायचं, हे त्यांनी नवऱ्याच्या अंगात इतकं मुरवलं होतं, की आता तो शब्द त्यांच्या तोंडून शिंकेसारखा आपोआप निघे.

सकाळ उलटत आल्यावर काशी आली. काशी घणसोली गावातली. गावठाणात तिचं चार मजली घर होतं आणि प्रत्येक मजल्यावर भाडेकरू. बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम ती करी, ते केवळ घरात सुना तिला कशाला हात लावू देत नाहीत म्हणून. गळ्यात ठसठशीत सोनं, एका कानात फोनची वायर, आणि त्या वायरीतून अखंड चाललेली कुणाची तरी भांडणं.

"आज तेल लावायचं नाही," श्यामसुंदररावांनी दारातच सांगितलं.

"नाय लावत. बगाला आली. पोर कशी हाय?"

"वाहते आहे."

"दिष्ट लागली. तुमच्या सोसायटीतल्या मानसांची नजर वायट, बाबा. लिफ्टमंदी सगली टकामका बगतान."

"लिफ्टमध्ये आरसा असतो. स्वतःचं तोंड बघवत नाही, म्हणून लोक बाळाकडे बघतात."

"तुमच्याकरं सगल्याला उत्तर हाय," असं म्हणून काशी आतल्या खोलीत गेली. तिथे तिनं पाळण्याच्या उशाशी ओव्याची पुरचुंडी ठेवली, फोनमधल्या भांडणावर दोनदा हसली आणि मग तिचा आवाज येईनासा झाला.

श्यामसुंदरराव बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. वाफेच्या हत्तीमुळे आत चष्म्यावर धुकं साचे, म्हणून श्वास बघण्याचं काम त्यांनी कानांवर सोपवलं होतं. शेजारच्या प्लॉटवर नवा टॉवर उठत होता आणि सकाळपासून खडक फोडायचं यंत्र घरातल्या कपबशा थरथरवत होतं. जेवणाची सुट्टी झाली आणि ते थांबलं. एकदम इतकी शांतता पडली, की हत्तीच्या सोंडेतून निघणारी वाफसुद्धा ऐकू यायला लागली. वाफ, आणि तिच्या मागे घुर्र, घुर्र.

"येते हं."

बाईचा आवाज. खालच्या पट्टीतला, जरासा नाकातला, सर्दी झाल्यासारखा.

"या," श्यामसुंदरराव पेपरातून मान वर न करता म्हणाले.

अग्रलेख संपेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही, की आतून बाहेर कुणी आलंच नाही.

३

पण याला स्पष्टीकरण होतं. काशीच्या चपला दारात नव्हत्या, म्हणजे ती गेली होती. दाराला सईनं रबराची पट्टी लावून घेतली होती, बाळ दचकतं म्हणून. त्यामुळे दार लागल्याचा आवाज होत नसे. आणि अग्रलेख वाचताना त्यांच्या समोरून वरात गेली असती तरी त्यांना कळलं नसतं, हे वैजयंतीबाईंचं मत त्यांनी या कामापुरतं ग्राह्य धरलं.

ते आत गेले. क्षिप्रा शांत झोपली होती. नाक स्वच्छ पुसलेलं. कपाळावरची पट्टी ओली, गार. त्यांनी ठेवलेली पट्टी एव्हाना वाळून कोमट व्हायला हवी होती. शिवाय त्यांनी ती चौघडी करून ठेवली होती, फाइलीत कागद लावावा तशी कडेला कड जुळवून. ही पट्टी तीन पदरी होती, अरुंद, आणि तिची टोकं कानांमागे अलगद खोचलेली होती.

काशीला एवढं कळत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. फोनमधली भांडणं ऐकता ऐकता बाई नीट काम करून गेली, याचा त्यांना किंचित रागच आला.

दुपारी त्यांनी मोजून थेंब दिले. त्यातले निम्मे क्षिप्रानं त्यांच्या सदऱ्यावर परत केले. मग ती रडली, रडताना नाक चोंदलं, नाक चोंदलं म्हणून आणखी रडली. श्यामसुंदररावांनी तिला खांद्यावर टाकून खिडकीशी येरझारा घातल्या. खाली खाडीच्या बाजूला तिवरांचा हिरवा पट्टा होता, आणि त्याच्या अलीकडे माणसांनी एकमेकांच्या डोक्यावर बांधलेली घरं. "बघ," ते तिला म्हणाले, "यातल्या प्रत्येक खिडकीत एक मूर्ख माणूस आहे, आणि त्यातल्या निम्म्यांना आत्ता सर्दी आहे." क्षिप्रानं त्यांच्या खांद्यावर नाक पुसलं आणि ती झोपली. तिचं तापलेलं डोकं मानेला लागलं तेव्हा त्यांनी आपला आवाज आपोआप बंद केला. तिला खाली ठेवावं असं त्यांना बराच वेळ वाटलं नाही. हे कुणी पाहिलं नाही, हे बरंच झालं.

शेवटी तिला ठेवून ते बाहेर येऊन बसले. बाजूचं यंत्र चहासाठी थांबलं.

"येते हं."

"या," ते म्हणाले, आणि शब्द तोंडून निघून गेल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला.

आत कुणी नव्हतं. पट्टी पुन्हा ओली होती. तीन पदरी.

४

दुसऱ्या दिवशीही साहेब ऐरोलीतच होते, त्यामुळे सई पुन्हा गेली. ताप हटला नव्हता, उलट कफ छातीत उतरल्यासारखा वाटत होता. "आज श्वासाकडे जास्तच लक्ष द्या, बाबा," ती म्हणाली, आणि निघताना दोनदा परत आत जाऊन आली.

काशी आली तेव्हा श्यामसुंदररावांनी विषयाला तोंड फोडलं.

"काल जाताना सांगून गेलात ते बरं केलंत, काशीबाई. एवढी रीत हल्ली कुणी पाळत नाही."

"कोन सांगून गेली?"

"तुम्ही. येते म्हणालात."

काशीनं कानातली वायर काढली. "मी कवा बोलली? मी तं तुमी संडासात व्हतंव तवाच गेली. आनि मना काय टाइम हाय, येते-जाते करत बसाला?"

"मग पट्टी?"

"कसली पट्टी?"

"काही नाही," श्यामसुंदरराव म्हणाले. "म्हातारपण." आपल्या म्हातारपणाची साक्ष त्यांनी आजवर कुणासमोर दिली नव्हती. काशीनं ती लगेच मान्य केली, याचंही त्यांना वाईट वाटलं.

ती गेल्यावर त्यांनी शास्त्रीय विचार केला. या इमारतींत न्हाणीघरांच्या खिडक्या एका उभ्या पोकळीत उघडतात. तिसऱ्या मजल्यावर कुणी आंघोळीला गाऊ लागलं, की अकराव्या मजल्यावर ताल धरता येतो. आतल्या खोलीला लागूनच न्हाणीघर होतं. म्हणजे शेजारच्या घरातली कुणी बाई बाहेर जाताना येते म्हणते, आणि तो आवाज पोकळीतून इकडे येतो. इतकं सोपं होतं. पट्टीचं काय, हा प्रश्न त्यांनी पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला. खात्यात अवघड प्रश्नांचं हेच करत.

त्यांनी शेजारचं दार वाजवलं. दिनानाथ सबनीस बनियनवर बाहेर आले. ते सोसायटीचे खजिनदार होते आणि माणूस दिसला की वर्गणी आठवत असत.

"तुमच्याकडे दुपारी कोणी बाई असते का?"

दिनानाथांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "खांबेटे, या वयात मला अशी चौकशी झालेली आवडली असती. पण नाही हो. हिला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून इथे बाई म्हणजे लिफ्टमधली, जी मजले सांगते."

"खालच्या मजल्यावर?"

"खालचा फ्लॅट रिकामा आहे. वरचा विकलाच गेलेला नाही. का, काय झालं?"

"आवाज येतो."

"सोसायटीच्या ग्रुपवर टाका. मी अंगठा दाखवतो."

श्यामसुंदरराव परतले. दिनानाथ 'हिला जाऊन' म्हणाले, हे त्यांना उगाचच आठवत राहिलं. शब्द साधा होता. जाणे, गेली, जाऊन.

५

यंत्र थांबायच्या वेळेला ते आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसले. पेपर नव्हता. आज काही म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणीच नसेल तर उत्तर देणं मूर्खपणाचं, आणि कुणी असेल तर त्याहून मूर्खपणाचं.

यंत्र थांबलं.

"येते हं."

ते गप्प राहिले. वाफेचा आवाज. घुर्र. दाराची फट होती तेवढीच होती. ओव्याचा वास येत होता, आणि ओल्या फडक्याचा.

"येते हं?"

या वेळी शेवट वर गेला होता. दारात उभ्या असलेल्या माणसानं, यजमानाचं लक्ष नाही असं पाहून, परत विचारावं तसा. श्यामसुंदररावांच्या जिभेच्या टोकावर 'या' आला आणि त्यांनी दात मिटले. तेवढ्यात हातातला फोन वाजला. त्यांनी तो बुडत्या माणसाच्या घाईनं उचलला.

"काय करतेय माझी बाय?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"झोपली आहे."

"आणि तुम्ही?"

"श्वास बघतोय. सुनेनं नेमणूक केली आहे."

"कफ सुटतोय का? तिला जरा उभी धरा, पाठीवरून हात फिरवा. आणि तिच्याशी बोला हो. तुम्ही नुसते टोमणे मारता. बाळाला टोमणे कळत नाहीत."

"मोठ्यांना तरी कुठे कळतात."

"येते हं."

दाराजवळून. कालच्यापेक्षा, मघापेक्षा जवळून.

"कोण आहे हो?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

आवाज श्यामसुंदररावांच्या कानातला, म्हातारपणातला असता, तर तो ठाण्यात ऐकू गेला नसता.

"अहो, कोण निघालंय? काशी का? आणि तुम्ही गप्प का? बाई निरोप घेतेय आणि हे पुतळ्यासारखे बसलेत. या म्हणा की. एवढ्या वर्षांत एवढी एक गोष्ट येईना तुम्हाला."

भीती वाटली की श्यामसुंदररावांना राग येई, आणि राग आला की ते विनोद करत. त्यांचा स्वभावच तसा होता; त्याच्या बळावर त्यांनी तीन वरिष्ठ घालवले होते. ते उठून उभे राहिले आणि दाराच्या फटीकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "या, बाई. या. रोज उठून काय विचारत बसता? आता कायमच्याच या. घर आपलंच आहे."

"असं बोलतात का माणसाशी?" वैजयंतीबाई फोनवर म्हणाल्या. "तिला वाईट वाटलं असेल."

दाराची फट, वाऱ्याची झुळूक नसताना, हळूच रुंदावली आणि तशीच राहिली.

६

त्यानंतर आवाज आला नाही.

शेजारचं यंत्र चालू झालं. चहाला थांबलं. श्यामसुंदरराव खुर्चीच्या कडेवर बसून होते. नको असलेला आवाज ऐकण्यासाठी माणूस इतका कान देऊन बसू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. येते म्हण, असं ते मनातल्या मनात म्हणत होते. म्हण एकदा.

आणि मग त्यांना समजलं. ते समजणं फार शांतपणे झालं, मसुद्यातली चूक दिसावी तसं.

येते. वर्तमानकाळ. प्रथम पुरुष, एकवचन. क्रियापद येणे. यात जाण्याचा काही संबंध नव्हता. ज्याचा त्यांनी जन्मभर आग्रह धरला, तेच ही बाई करत होती. शब्दाचा जो अर्थ होता, नेमका तोच तिला म्हणायचा होता. ती निरोप घेत नव्हतीच. ती विचारत होती. आणि ते बाहेर बसून, पेपरातून मान वर न करता, प्रत्येक वेळी परवानगी देत होते.

आता तिला विचारायचं कारण उरलं नव्हतं.

ते आत गेले. पडदा ओढलेला होता. तो त्यांनी ओढला नव्हता. वाफेनं खोली दुधी झाली होती. क्षिप्रा उताणी झोपली होती. कपाळाला हात लावला तर गार, घामही टिपलेला. नाकातला घुर्र गेला होता. छाती संथपणे वर होत होती, खाली जात होती. बरगड्यांखाली खड्डा नव्हता. कुठल्याही डॉक्टरनं समाधानानं मान हलवावी असं ते दृश्य होतं.

तिचा उजवा हात पाळण्याच्या कठड्यापाशी वर उचललेला होता, आणि मूठ मिटलेली होती. तान्ही मुलं बोट पकडतात तशी.

श्यामसुंदरराव वाकले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मूठ घट्ट होती, चिमुकली नखं पांढरी पडली होती. पण बोटं तळव्याला टेकलेली नव्हती. बोटांच्या आणि तळव्याच्या मध्ये जागा होती. एका बोटाच्या जाडीची, गोल, आरपार.

७

सई लवकर आली. पर्स खाली न ठेवताच तिनं आत डोकावून पाहिलं, कपाळाला पालथा हात लावला, आणि तिच्या खांद्यांवरचं दोन दिवसांचं ओझं उतरलेलं दिसलं.

"बाबा, ताप नाही. अजिबात नाही. काय केलंत तुम्ही?"

"मी काही केलेलं नाही."

"श्वाससुद्धा मोकळा आहे. आणि पट्टी किती छान बांधलीय." ती बाहेर आली. तिचे डोळे ओले झाले होते. "खरं सांगू? मला दोन दिवस तिकडे काही सुचत नव्हतं. मी उगाच घाबरत होते."

"सई," श्यामसुंदरराव म्हणाले, "आत कुणीतरी आहे."

"आहे ना. तुमची लाडकी नात."

"बाई आहे. मी तिला या म्हटलं."

सईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. तिच्या सासऱ्यांनी घरात आजवर एक वाक्य सरळ उच्चारलं नव्हतं. गणपतीच्या आरतीला 'ध्वनिप्रदूषण', केयूरच्या नोकरीला 'डबे मोजणे' आणि सत्यनारायणाला 'शिऱ्याचं निमित्त' म्हणणाऱ्या माणसानं, आत बाई आहे, असं म्हटलं तर ते कशावरचा टोमणा असेल, एवढाच विचार कुणी करणार. तिनं तोही केला नाही.

"असू दे. तिलाच ठेवून घेऊ कामाला," ती म्हणाली. "थेंब संपत आलेत, मी खालून घेऊन येते. मग अंघोळ करूनच तिला जवळ घेते. बाहेरचे हात आहेत माझे." ती चपला सरकवत, फोनमध्ये बघत दारापाशी गेली. "येते हं."

श्यामसुंदररावांना काही बोलता येण्याच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला. नाकातला, समाधानी, ऐसपैस. सुनेला घरातल्या मोठ्या बाईनं म्हणावं तसा.

"ये गं."

"हो, आलेच," सई फोनमधून मान वर न करता म्हणाली, आणि रबराची पट्टी लावलेलं दार आवाज न करता मिटलं.

८

ते आत धावले. या वयात धावणं म्हणजे काय होतं ते त्यांच्या गुडघ्यांनी सांगितलं, पण ते धावले. क्षिप्राला उचलायचं, लिफ्टही नको, जिन्यानं खाली जायचं, रस्त्यावर, गर्दीत, मूर्ख माणसांत.

त्यांनी तिच्या पाठीखाली हात घातले आणि तिला उचललं. ती छातीशी आली. तिचा उजवा हात आला नाही. तो पाळण्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, सरळ ताणलेला राहिला. मिटलेली मूठ हवेत होती, आणि ती मूठ कुणी तरी सोडत नव्हतं, की क्षिप्राच सोडत नव्हती, हे त्यांना कळेना. त्यांनी ओढलं. क्षिप्रानं डोळे उघडले. रडण्यासाठी तिनं श्वास आत घेतला, आणि तो आतच अडकला. बरगड्यांखालची कातडी आत गेली. आणखी आत गेली. तिथे वाटीएवढा खड्डा पडला, आणि तिचे ओठ निळसर दिसायला लागले.

त्यांनी तिला परत खाली ठेवलं.

खड्डा भरून आला. श्वास सुटला. क्षिप्रानं एक लांब, मोकळा उसासा टाकला आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग पाळण्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला जरा वर पाहिलं, आणि ती हसली.

श्यामसुंदररावांनी तिकडे पाहिलं नाही.

एक शब्द होता. तो आयुष्यभर त्यांच्या ताब्यात होता. लोक ज्याला भिऊन उंबऱ्यात अडखळतात, तो त्यांनी भर सभेत, माइकवर उच्चारला होता. एकच अक्षर. जा. आमंत्रण त्यांनी दिलं होतं, तर परत पाठवण्याचा अधिकारही त्यांचाच होता. आणि ही बाई शब्द पाळणारी होती. तिला ये म्हटलं की ती येई. जा म्हटलं तर ती निश्चित गेली असती.

त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना पाळणा दिसला. पाळण्यातली मिटलेली मूठ दिसली. बोट धरून ठेवलेलं मूल, बोट निघालं की त्याच्याबरोबर निघतं. आणि इथे, या खोलीत, तापातून उठलेल्या मुलीच्या डोक्यावर उभं राहून जा म्हणायचं. तो शब्द दोघींना ऐकू जाणार होता. त्यातली कोण ऐकेल, हे कुठल्याही व्याकरणात लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी तोंड मिटलं.

ते बाहेर गेले. जेवणाच्या टेबलाशी असलेली वेताची खुर्ची त्यांनी उचलली, घासत न नेता, दोन्ही हातांनी, बाळ दचकेल म्हणून. पाळण्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला ती मांडली. बैठकीवर धूळ नव्हती, तरी सदऱ्याच्या बाहीनं पुसली.

"उभ्या का? बसा ना," ते म्हणाले. हा आवाज त्यांनी सचिवांसमोरही कधी काढला नव्हता. "दोन दिवस तुमची फार धावपळ झाली. आमचं लक्ष नव्हतं. चहा टाकतो."

ते उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले. समोर वेत करकरला, माणूस टेकल्यावर करकरतो तसा, सावकाश, पूर्ण भारानं. क्षिप्राचा श्वास एका लयीत चालला होता.

"साखर किती घालू?" श्यामसुंदररावांनी विचारलं, आणि उंबऱ्यात खाली मान घालून, हात पुढे बांधून, ते उत्तराची वाट बघत उभे राहिले.